पत्र्याखालची तालीम

मे महिन्यात आमच्या यवतमाळात पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशात माझा भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय: १६०० मीटर धावणं, १०० मीटर, ७.२६ किलोचा गोळा. स्कूटर ठेवायच्या पत्र्याच्या गॅरेजात त्यानं डंबेल्स मांडलेत.

दुपारी शटर ओढून, कूलर लावून तो जोर काढायचा. कूलर म्हणजे गारवा, हे वऱ्हाडात कोणाला शिकवावं लागत नाही! पण बंद खोलीत तोच कूलर हवा दमट करतो आणि घाम सुकत नाही. घाम नुसता गळून काय उपयोग? तो सुकतो तेव्हा अंगातली उष्णता नेतो, लिटरमागे सुमारे ५८० किलोकॅलरी. हवा अंगापेक्षा तापलेली असली की शरीराकडे दुसरा उपाय नसतो.

परवा त्याला भोवळ आली. अम्मीनं कांदा हुंगायला दिला. मी शटर वर केलं, मानेवर ओलं फडकं ठेवलं.

आता फजरनंतरच व्यायाम, शटर सताड उघडं. उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर निम्मंच वजन उचल म्हटलं.

"मामू, २०२४ ची मैदानी चाचणी जूनमध्ये सुरू झाली होती," तो म्हणाला. "तेव्हा ऊन निम्मं होतं का?"