स्वतःचा आवाज नसलेला अ‍ॅम्प

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून निघणारा विद्युत संकेत अगदी दुबळा असतो. बारा इंची स्पीकरचा कागदी कोन मागेपुढे ढकलण्याची ताकद त्यात नसते. ती यायला दोन टप्पे लागतात. पहिल्या टप्प्यात, म्हणजे प्रीअ‍ॅम्पमध्ये, संकेत थोडा वाढतो आणि त्याचा सूर घडतो: बास किती, ट्रेबल किती, आवाज किती फाटवायचा, हे तिथे ठरते. दुसरा टप्पा पॉवर अ‍ॅम्पचा. तो घडलेल्या संकेताला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. बहुतेक वादकांना हे दोन्ही टप्पे वर्षानुवर्षे एकाच पेटीत भेटतात, त्यामुळे त्यांतला दुसरा वेगळा निवडावा लागेल असे कोणाच्या मनातही येत नाही. डिजिटल गिटार-संच आल्यावर मात्र ही निवड वादकावर येऊन पडते.

वादकाच्या आयुष्यात येणारा पहिला अ‍ॅम्प सहसा सॉलिड-स्टेटच असतो, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा. दहा-पंधरा वॅटची छोटी पेटी, आत सहा किंवा आठ इंची स्पीकर. कमी आवाजात ती बरी वाजते. बटण पुढे सरकवले की कर्कश होते. दोष ट्रान्झिस्टरच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात त्यात हलक्या स्पीकरचा आणि पातळ लाकडाच्या लहानशा पेटीचा वाटा मोठा असतो. उरलेला वाटा ट्रान्झिस्टरचा खराच. क्षमता संपली की तो लहरीचे शेंडे सपाट कापून टाकतो आणि अशा कापलेल्या लहरीत टोचणारे वरचे स्वर भरपूर असतात.

सॉलिड-स्टेटची ही बदनामी जुनी आहे. ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत 1947 साली लागला. फेंडर कंपनीने 1966 मध्ये सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पची मालिका बाजारात आणली, पण ती फार काळ टिकली नाही. चित्र पालटायला 1975 साली आलेल्या रोलँडच्या जेसी-120 ने मोठा हातभार लावला. दोन वेगळे पॉवर अ‍ॅम्प, प्रत्येकी साठ वॅट, प्रत्येकाला एक बारा इंची स्पीकर आणि दोहोंमधल्या किंचित फरकातून उमटणारा कोरस. स्वच्छ, न फाटणाऱ्या आवाजासाठी हा अ‍ॅम्प आजही मापदंड मानला जातो. ब्लूजमध्ये बी. बी. किंग यांनी लॅब सीरिज एल-5 हा सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प वापरला, तर हेवी मेटलमध्ये पँटेरा बँडच्या डाइमबॅग डॅरेलने रँडॉलच्या सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पवर आपला धारदार सूर उभा केला.

तरीही बँडमध्ये वाजवू लागलेला वादक एकदा तरी व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या अ‍ॅम्पच्या, प्रेमात पडतो, आणि त्यामागे नुसता भाबडेपणा नसतो. व्हॉल्व्हचा पॉवर अ‍ॅम्प क्षमतेच्या टोकाला जाताना लहर हळूहळू दाबतो. आवाज फाटतो, पण त्याच्या कडा गोल राहतात. दुसरे कारण स्पीकरशी असलेल्या त्याच्या नात्यात आहे. स्पीकरवर आठ ओहम लिहिलेले असले, तरी त्याचा विद्युत-अवरोध सर्व स्वरांना सारखा नसतो. गिटारच्या बारा इंची स्पीकरमध्ये साधारण 75 ते 110 हर्ट्झच्या दरम्यान तो एकदम उंच चढतो, मग खाली येतो आणि वरच्या स्वरांकडे पुन्हा वाढत जातो. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट-अवरोध बराच असल्याने तो या चढ-उतारांमागे फरफटत जातो. बास थोडा फुगतो, वरची धार थोडी उजळते. सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पचा आउटपुट-अवरोध नगण्य असतो, त्यामुळे त्याची कोनवरची पकड घट्ट राहते. डग्ग्यावर तळहात टेकवला की घुमारा जसा आवरतो, तसे इथे होते. या पकडीला डॅम्पिंग म्हणतात. गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झची, म्हणजे नेमकी स्पीकरच्या त्या चढाच्या टापूत. म्हणून ही तार तळहाताने दाबून छेडली की दोन प्रकारच्या अ‍ॅम्पमधला फरक छातीवर जाणवतो.

या सुखाची किंमतही मोजावी लागते. 85 वॅटचा फेंडर ट्विन रिव्हर्ब सुमारे 29 किलोचा आहे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तो तिसऱ्या मजल्यावर चढवणाऱ्याला हा आकडा पाठ होतो. व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात आणि बदलताना बायस, म्हणजे त्यांतून स्थिर वाहणारा प्रवाह, जुळवून घ्यावा लागतो. शिवाय तो गोलसर फाटलेला आवाज मिळवायला अ‍ॅम्प जोरात वाजवावा लागतो. भिंतीला भिंत लागलेल्या सदनिकेत ते जमणारे नसते.

डिजिटल मॉडेलर इथे उपयोगी पडतो. लाइन 6 कंपनीचे लाल रंगाचे पॉड हे उपकरण 1998 मध्ये आले, जर्मनीचे केम्पर 2011 मध्ये आणि लाइन 6 चेच हेलिक्स 2015 मध्ये. या यंत्रांमध्ये प्रीअ‍ॅम्प, व्हॉल्व्हचा पॉवर अ‍ॅम्प, कॅबिनेट (स्पीकरची पेटी) आणि त्यासमोरचा माइक ही सगळी साखळी गणिताने उभी केली जाते. रात्री हेडफोनवर सराव करता येतो आणि कार्यक्रमात तोच संकेत थेट साउंडवाल्याच्या मिक्सरकडे जातो. प्रश्न उरतो तो मंचाचा. मॉनिटरमधून ऐकू येणारी गिटार ही माइकने टिपलेली गिटार असते. पाठीमागच्या कॅबिनेटमधून येणारा हवेचा धक्का आणि त्या आवाजाने तारच पुन्हा थरथरू लागणे, ज्याच्या आधारावर वादक एखादा स्वर लांबवतो, हे तिथे कमीच मिळते. ज्यांना ते हवे असते त्यांना मॉडेलर आणि कॅबिनेट यांच्यामध्ये पॉवर अ‍ॅम्प बसवावा लागतो.

त्याआधी एक पर्याय तपासून घ्यावा. सर्व स्वर समान वाजवणारे, आतच अ‍ॅम्प असलेले स्पीकर मिळतात. त्यांना जोडल्यास मॉडेलरमधले कॅबिनेट चालू ठेवायचे आणि प्रत्येक गाण्याला वेगळे कॅबिनेट निवडायचे. गिटारचे खरे कॅबिनेट घेतले तर हिशेब उलटा होतो. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने मंदावतो. हा गाळणीचा परिणाम मॉडेलरमध्ये आणि स्पीकरमध्ये असा दोनदा झाला, तर आवाज घोंगडीखाली गेल्यासारखा येतो. म्हणून पॉवर अ‍ॅम्पकडे जाणाऱ्या वाटेवरचे कॅबिनेट बंद करायचे आणि मिक्सरकडे जाणाऱ्या वाटेवरचे चालू ठेवायचे. मॉडेलरला असे दोन स्वतंत्र आउटपुट आहेत की नाहीत, हे अ‍ॅम्प घेण्यापूर्वीच पाहावे.

निवडीचा पहिला निकष वॅट. इथे व्हॉल्व्हचा अनुभव दिशाभूल करतो. पन्नास वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प क्षमता ओलांडूनही गोड वाजतो, म्हणून तो मोठा भासतो. पन्नास वॅटचा सॉलिड-स्टेट अ‍ॅम्प त्या रेषेच्या आतच वापरायचा असतो, कारण फाटण्याचे काम मॉडेलरने आधीच केलेले असते आणि त्यावर पॉवर अ‍ॅम्पचे फाटणे चढले की सूर बिघडतो. म्हणून इथे राखीव ताकद हवी. पण वॅट आणि कानाला जाणवणारा आवाज सरळ प्रमाणात वाढत नाहीत. वॅट दुप्पट केले की वाढ होते 3 डेसिबलची. आवाज दुप्पट वाटायला सुमारे 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. सेलेस्टियनचा व्हिंटेज 30 हा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर 100 डेसिबल देतो. ज्याची संवेदनशीलता 97 डेसिबल आहे, त्या स्पीकरला तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात. त्यामुळे आवाज वाढवायचा असेल तर कित्येकदा मोठ्या अ‍ॅम्पपेक्षा चांगला स्पीकर स्वस्तात पडतो. जाहिरातीतला आकडा किती विकृतीवर मोजला आहे, हेही बघावे. 10 टक्के विकृतीवर मोजलेले वॅट 1 टक्क्यावर बरेच उतरतात.

दुसरा निकष ओहम. यासाठी कॅबिनेटच्या पाठीमागे बसून जॅकशेजारची पट्टी वाचावी. मार्शलच्या चार स्पीकरांच्या 1960ए कॅबिनेटवर एका जॅकला 16 ओहम, दुसऱ्याला 4 ओहम आणि स्टिरिओत दोन्ही बाजूंना 8-8 ओहम असे लिहिलेले असते. सॉलिड-स्टेट अ‍ॅम्पची ताकद ओहम दुप्पट झाले की जवळजवळ निम्मी होते. सीमोर डंकनचा पॉवरस्टेज 170 चार ओहमला 170 वॅट देतो, आठ ओहमला 85; याच नियमाने सोळा ओहमला चाळीसच्या आसपास. म्हणजे एकच अ‍ॅम्प, एकच कॅबिनेट, पण तार कोणत्या भोकात घातली यावर ताकद चौपट बदलते. ओहम जास्त असले तर ताकद घटते, अ‍ॅम्पला इजा होत नाही. अ‍ॅम्पवर छापलेल्या किमान आकड्याच्या खाली मात्र कधीच जाऊ नये. उलट बाजूने स्पीकरची सहनशक्तीही मोजावी. 25 वॅटच्या एकट्या ग्रीनबॅक स्पीकरला 170 वॅटचा अ‍ॅम्प बेतानेच वाजवावा लागतो, नाहीतर कॉइल जळते.

तिसरा निकष आतल्या रचनेचा. क्लास-एबी अ‍ॅम्पमध्ये बरीच वीज उष्णतेत जाते, म्हणून ती बाहेर टाकायला जाड धातूचे हीटसिंक लागतात आणि वजन वाढते. क्लास-डीमध्ये ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा पूर्ण चालू आणि पूर्ण बंद होत राहतात. पुढची गाळणी त्या ठोक्यांतून मूळ लहर वेगळी काढते. यातला ‘डी’ डिजिटलचा नव्हे. कार्यक्षमता 90 टक्क्यांच्या आसपास जात असल्याने शंभर-दोनशे वॅटचा अ‍ॅम्प पेडलबोर्डवर मावतो, आणि केम्परच्या पॉवरहेडमध्ये तर 600 वॅटचा क्लास-डी अ‍ॅम्प आतच बसवलेला आहे. दोन्ही प्रकार नीट बनवले असतील तर स्पीकरमागे कोणता आहे हे कानाने ओळखणे कठीण. फरक पडतो तो डॅम्पिंगचा. काही उत्पादक स्पीकरमधला प्रवाह मोजून आउटपुट-अवरोध मुद्दाम वाढवतात, म्हणजे व्हॉल्व्हसारखी सैल पकड मिळते. तशी सोय नसेल, तर प्रेझेन्स आणि बास-ट्रेबलची बटणे असलेला अ‍ॅम्प घ्यावा किंवा मॉडेलरमध्येच खालचा आणि वरचा चढ थोडा वाढवावा. मॉडेलरमध्ये व्हॉल्व्ह पॉवर अ‍ॅम्पचे गणित चालू असेल, तर पुढचा अ‍ॅम्प जितका निर्विकार तितका चांगला. सूर घडवण्याचे काम दोघांकडे दिले की तो कोणाच्याच हातात राहत नाही.

उरलेल्या बाबी लहान, पण मंचावर त्याच अडवतात. मॉडेलरचा आउटपुट लाइन लेव्हलचा, म्हणजे पेडलपेक्षा जोरदार, असतो. अ‍ॅम्पचा इनपुट फक्त पेडलच्या पातळीचा असेल तर सुरुवातीलाच खरखर होते. स्पीकरकडे जाणारी तार गिटारची साधी पातळ तार नसावी, जाड स्पीकर केबलच हवी. अनेक क्लास-डी अ‍ॅम्पच्या आउटपुटची कोणतीच बाजू अर्थला जोडलेली नसते. ती तार दुसऱ्या यंत्राच्या अर्थला टेकली तर अ‍ॅम्प निकामी होऊ शकतो. मिक्सर आणि अ‍ॅम्प वेगवेगळ्या सॉकेटवर असले की घुं-घुं सुरू होते; त्यासाठी मॉडेलरवर ग्राउंड लिफ्टचे बटण असावे. अमेरिकेहून आणलेले यंत्र 120 व्होल्टचे निघण्याची शक्यता असते. आपल्याकडच्या 230 व्होल्टवर लावण्यापूर्वी मागचे लेबल वाचणे भाग आहे.

जोडणी झाल्यावर पहिली चाचणी तालमीच्या खऱ्या आवाजात करावी. कमी आवाजात कानाला खालचे आणि वरचे स्वर क्षीण ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली हे आलेखांनी दाखवले. घरी हेडफोनवर भरदार लावलेला सूर ड्रमच्या शेजारी म्हणूनच घुमतो आणि टोचतो. अ‍ॅम्पचे बटण मध्यावर ठेवून, जाड तार दाबून छेडत, बास उतरवत जावे. बास गिटारला जागा मिळाली की थांबावे.

मॉडेलर संगणकासारखा जुना होतो. चार-सहा वर्षांत नवा येतो आणि वादक तो घेतोही. सॉलिड-स्टेट पॉवर अ‍ॅम्पमध्ये झिजणारे व्हॉल्व्ह नाहीत आणि मागे पडणारे सॉफ्टवेअर नाही. पंख्यातली धूळ काढली आणि ओहमचे पथ्य पाळले, तर तो दोन-तीन मॉडेलरांना पुरून उरतो. त्यामुळे खर्चाचा क्रमही ठरतो: आधी कानाला पटलेले कॅबिनेट, मग त्याच्या ओहमला आणि वॅटला साजेसा अ‍ॅम्प, आणि मॉडेलर त्या-त्या काळात परवडेल तो.