एक खोटे उत्तर

‘श्यामची आई’ वर्गात वाचून दाखविताना दरवर्षी माझा गळा दाटून येतो, आणि दरवर्षी मागच्या बाकावरचे कुणीतरी त्याची नक्कल करते. दोन वर्षांपूर्वी मात्र नववीतल्या एका मुलाने मधेच विचारले, “सर, साने गुरुजी कशाने वारले?”

“आजारी होते,” मी म्हणालो आणि पान उलटले.

11 जून 1950 रोजी गुरुजींनी स्वतःच आपले जीवन संपविले, हे मला काय ठाऊक नव्हते? गंमत पाहा, वाचकहो! माझ्या कादंबऱ्यांतल्या तीन पात्रांनी जीव दिला आहे. पण चाळीस मुलांपुढे तो शब्द माझ्या तोंडून फुटेना. पोरांच्या डोक्यात नसते खूळ कशाला भरवा!

शाळा सुटली तरी तो मुलगा रेंगाळला. फळा स्वच्छ झाला तरी पुसतच राहिला.

“त्यांनी जीव दिला, सर. आजोबांनी सांगितलं.”

चारच दिवसांपूर्वी त्याने आपली आवडती रंगपेटी सोबत्याला देऊन टाकली होती, ते मला आठवले. माझ्या घशाला कोरड पडली.

“तुझ्याही मनात असं येतं का रे? जीव द्यावा असं?”

बऱ्याच वेळाने तो “हो” म्हणाला, आणि हातातल्या फडक्यात तोंड खुपसून रडू लागला. मी उपदेश केला नाही, सुचलाच नाही. नुसते ऐकत राहिलो. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट कोंडलेला जीव मोकळा होतो, हे डॉक्टरांनी मला पुढे सांगितले.

त्याला एकटे न सोडता मी घरी घेऊन गेलो. आई कंदील लावीत होती. “दिवाळी तोंडावर आलीय, सर. असलं अभद्र बोलू नका,” ती म्हणाली, मग मुलाकडे पाहिले आणि मटकन खाली बसली. ‘टेली मानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक आम्ही तिथूनच फिरविला, दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालय गाठले. पुढचे महिने सोपे गेले नाहीत. आईला सांगितले म्हणून तो माझ्याशी कित्येक दिवस बोलतही नव्हता. आता अकरावीत आहे. हे त्याला विचारूनच लिहितो आहे.

यंदा पुन्हा तो तास आला. गुरुजींचा शेवट मी आपणहून सांगितला. कुणाला बोलावेसे वाटले तर मी आहे, हेही सांगितले. वर्ग गप्प झाला. एका मुलीने विचारले, “सर, त्यांना कुणी विचारलं नव्हतं का हो?”

मला उत्तर देता आले नाही. मधल्या सुट्टीत ती पुन्हा दाराशी आली, तेव्हा मी हातातला चहा खाली ठेवला.