न दिसणारे डॉक्टर

बायोप्सीचा तुकडा तपासणीला गेला की अहवाल येईपर्यंतचे दिवस घरच्यांना फार जड जातात. ‘यंत्रातून उत्तर यायला एवढा उशीर का?’ असा प्रश्न मला दवाखान्यात नेहमी विचारला जातो.

हे उत्तर यंत्र देत नाही, माणूस देतो. तो तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये काही तास मुरवावा लागतो आणि मग मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. त्याचे जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढून, काचपट्टीवर ठेवून रंगवतात. मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकातून पाहून निदान ठरवतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी या शास्त्राची भक्कम परंपरा उभी केली.

आज काचपट्टीचे डिजिटल चित्र दूरच्या तज्ज्ञांनाही पाहता येते. परंतु रुग्ण त्यांना भेटतो तो अर्जावरील चार ओळींतच. म्हणून पूर्वीचे आजार, शस्त्रक्रिया, रेडिएशन व चालू औषधे तेथे लिहिली आहेत ना, हे आवर्जून पाहा.

दुसरे मत हवे असेल, तर वृद्ध आईवडिलांना पुन्हा सुई टोचण्याची गरज बहुधा पडत नाही. ब्लॉक व काचपट्ट्या प्रयोगशाळेकडे मागा. त्या जपून न्या. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळते. अहवालातील शब्द उमगला नाही, तर आपल्या डॉक्टरांना पॅथॉलॉजिस्टशी बोलण्याची विनंती निःसंकोच करा. तेही तुमचेच डॉक्टर आहेत.