बाहुबलीचा आवाज आणि अडखळणारा मुलगा

वाचकहो, आज रक्तदाब आणि साखर बाजूला ठेवून एका सिनेमापासून सुरुवात करतो. 'बाहुबली' आठवतोय ना? पहिला भाग १० जुलै २०१५ ला आला आणि एक प्रश्न मागे ठेवून गेला : कटप्पाने बाहुबलीला का मारलं? उत्तर मिळालं २८ एप्रिल २०१७ ला. मधली पावणेदोन वर्षं हा प्रश्न वर्ध्यात चहाच्या टपरीपासून माझ्या दवाखान्यातल्या बाकापर्यंत फिरत होता. तपासून झालेला पेशंट दारातून मागे वळून विचारायचा, "डॉक्टर, तुम्हाला काय वाटते, काऊन मारलं असंल?"

दोन्ही भाग एकत्र करून हा सिनेमा ३१ ऑक्टोबर २०२५ ला पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा मी तो पुन्हा पाहिला. खांद्यावर शिवलिंग घेऊन धबधब्याखाली नेणारा शिवा, स्वतः बुडत असताना बाळाला पाण्यावर धरून ठेवणारी शिवगामी, सगळं तितकंच आवडलं. पण मला हा सिनेमा प्रिय आहे तो आणखी एका कारणाने. त्याने मला माझी चूक दाखवली.

२०१७ चा मे महिना. वर्ध्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. एक शेतकरी आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा सहावीत जाणार होता, नवी शाळा होती, आणि तो जायला तयार नव्हता. वडील म्हणाले, "साहेब, पोट्टं हुशार हाये, पण बोलाले गेलं का अडकते. नव्या शाळेत पयल्या दिवशी नाव सांगा लागते ना, म्हणून जात नाही म्हनते."

मी मुलाला नाव विचारलं. त्याने तोंड उघडलं, पहिलं अक्षर 'क' तिथेच अडकलं, डोळे मिटले गेले, मान झटकली. वडिलांनीच पटकन नाव सांगून टाकलं. मुलाने मान खाली घातली.

हा मुलगा माझ्याकडे पहिल्यांदा आला नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांना मीच सांगितलं होतं, "मोठा झाला की जाईल. सावकाश बोलत जा रे बाळा." मला तेव्हा ते पुरेसं वाटलं होतं.

वडिलांशी बोलण्यासाठी मी मुलाला बाहेर बसवलं. थोड्या वेळाने पडद्यामागून खणखणीत आवाज आला. दुसऱ्या भागातला तो प्रसंग तुम्हाला आठवत असेल. भल्लालदेव राजा होतो, बाहुबली सेनापतीपदाची शपथ घेतो, स्वतःचं नाव उच्चारतो आणि सगळी माहिष्मती दणाणून उठते. हा मुलगा माझ्या बाकासमोर उभा राहून, हातात गुंडाळलेला केसपेपर तलवारीसारखा धरून ती शपथ म्हणत होता. एकदाही न अडखळता. मग दोन लहान मुलांना तो कटप्पाची गोष्ट नाटकासारखी करून दाखवू लागला. 'कटप्पा' हा शब्दही 'क' पासूनच सुरू होतो, आणि तो सहज येत होता.

वडील माझ्याकडे बघत राहिले. "म्हंजे हा नाटक करते का, साहेब?"

असं का होतं?

नाही, मूल नाटक करत नसतं. बोलताना मेंदूला ओठ, जीभ, स्वरयंत्र आणि श्वास यांची वेळ क्षणाक्षणाला जुळवावी लागते. तोतरेपणात ही जुळवणी मधेच अडते. गाताना, एकसुरात म्हणताना, पाठ केलेलं बोलताना किंवा दुसऱ्याची भूमिका करताना अनेकांची ही अडचण तात्पुरती कमी होते. स्वतःचं नाव मात्र सगळ्यांत अवघड जातं, कारण त्याला दुसरा शब्द वापरून सुटका नसते आणि समोरचा थांबून बघत असतो.

काही गोष्टी लक्षात ठेवा :

- तोतरेपणा बहुतेक वेळा २ ते ५ वर्षांच्या वयात सुरू होतो. साधारण १०० पैकी ५ मुलं कधी ना कधी अडखळतात. त्यांतली बहुतेक आपोआप सुधारतात. मोठ्या माणसांत हे प्रमाण सुमारे १ टक्का राहतं, आणि त्यात पुरुष जास्त असतात.
- तो भीतीने, नक्कल केल्याने किंवा आईवडिलांच्या चुकीने होत नाही. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. ताणामुळे तो वाढतो, पण ताण हे त्याचं मूळ नव्हे.
- बोबडं बोलणं वेगळं. त्यात उच्चार बदलतो, इथे उच्चार बरोबर असतो पण शब्द अडतो.
- जिभेवर वेखंड घासून तोतरेपणा जात नाही. तोंडात गोट्या ठेवून बोलायला लावणं तर धोक्याचं आहे, त्या श्वासनलिकेत अडकू शकतात.

थांबायचं कधी नाही?

अडखळणं सहा महिने ते वर्षभर टिकलं, घरात आणखी कुणाला असेल, बोलताना डोळे मिटणं किंवा मान झटकणं सुरू झालं, किंवा मूल बोलणंच टाळू लागलं, तर वाट पाहू नका. स्पीच थेरपिस्टकडे जा. आपल्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगीच्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभागात चौकशी करता येईल. या मुलाला मी दोन वर्षं उशिरा पाठवलं.

त्याच दिवशी मी त्याला एक गोष्ट सांगितली. हिंदी 'बाहुबली'त प्रभासला आवाज दिला तो शरद केळकर यांनी, आपल्या मराठी माणसाने. पुढे २०२० साली 'तान्हाजी'त शिवाजी महाराजांची भूमिकाही त्यांनीच केली. आपण पूर्वी तोतरं बोलायचो, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे. मुलगा काही बोलला नाही, पण माझ्याकडे बघत राहिला.

मी हे जपून सांगतो. प्रत्येक मुलाचं बोलणं असं खणखणीत होईलच असं नाही, आणि थेरपीचा हेतूही तेवढाच नसतो. अडखळत का होईना, आपल्याला हवं ते बोलता यावं, हे जास्त महत्त्वाचं.

म्हणून घरी एवढं करा. त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. 'सावकाश बोल', 'श्वास घे' म्हणू नका, त्यापेक्षा स्वतः सावकाश बोला. त्याच्या तोंडाकडे नव्हे, त्याच्या बोलण्याकडे लक्ष द्या. शाळेत गुरुजींना आधी भेटून सांगा.

दिवाळीच्या सुट्टीत तो मुलगा पुन्हा आला, साध्या खोकल्यासाठी. मी नाव विचारलं. 'क' अडकला. चार-पाच सेकंद गेले असतील. वडिलांचे ओठ हलले, पण त्यांनी ते आवरले. मीही पेन खाली ठेवून थांबलो. मग त्याने आपलं नाव सांगितलं, वडिलांचं आणि आडनावासकट.

तुमच्या घरी असं मूल असेल, तर पुढच्या वेळी ते नाव सांगेपर्यंत थांबा.