पोकळी, उणीव, इत्यादी

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकात काळ्या चौकटीचे एक पान असते. वर्षभरात निधन पावलेले साहित्यिक, शास्त्रज्ञ, नेते यांची नावे, आणि खाली संस्थेशी संबंधित कोणी गेले असेल तर त्यांच्याविषयी दोन परिच्छेद. हे दोन परिच्छेद लिहिण्याचे काम अर्थातच मराठी विभागाकडे येते. विभागात आम्ही दोघेच, दोघेही चाळिशी ओलांडलेले आणि दोघेही एम. ए. मराठी. गेल्या अठरा वर्षांत असे मजकूर आम्ही किती लिहिले असतील याची मोजदाद नाही. ते लिहायला वेळ लागत नसे, हीच त्यातली मेख होती, पण ती आमच्या ध्यानात यायला २०२२ साल उजाडावे लागले.

त्या वर्षी ग्रंथालयातले मामा गेले. हुद्द्याने ते ग्रंथालय परिचर होते, पण सारे महाविद्यालय त्यांना मामाच म्हणे. आम्ही नेहमीप्रमाणे दोन परिच्छेद लिहिले. ‘मितभाषी, कर्तव्यदक्ष आणि हसतमुख व्यक्तिमत्त्व’, ‘ग्रंथांवर निस्सीम प्रेम’, ‘त्यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ अंक छापून आल्यावर त्यांच्या मुलीला एक प्रत दिली. तिने आमच्याकडेच बी. ए. केले होते. ती उभ्याउभ्याच वाचू लागली, वाचून झाल्यावर पान उलटून मागे पाहिले, पुन्हा पुढे आली आणि म्हणाली, “सर, छान लिहिलंय. पण बाबा कुठे आहेत यात?”

तिच्या बोलण्यात उपरोध नव्हता. पुढचा मजकूर दुसऱ्या पानावर असेल असेच तिला वाटले होते.

त्या दिवशी परतीच्या एस. टी. त आम्ही फारसे बोललो नाही. तिने विचारले ते खरे होते, आणि अधिक अडचणीचे म्हणजे मामा आम्हांला चांगले ठाऊक होते. मामा मितभाषी तर मुळीच नव्हते. परीक्षेच्या दिवसांत उशिरा पुस्तक परत करणाऱ्या मुलाला ते दंड लावत नसत, पण त्याला समोर उभे करून पुस्तकाची कथा विचारत. कथा सांगता आली नाही की म्हणत, “मग ठेवलंस कशाला इतके दिवस? उशाला?” हे आम्ही शंभरदा ऐकले होते. मग लिहिताना हातातून ‘मितभाषी’ का उतरले? कारण त्या जागी तो शब्द बसतो, म्हणून.

वर्गात आम्ही निबंधलेखन शिकवतो, व्यावहारिक मराठी शिकवतो. शुद्धलेखनाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे वाढीव चार नियम आम्हांला झोपेतही सांगता येतील. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीनंतर गुणांच्या बेरजेसाठी शोधनिबंध लिहिण्याची जी लाट आली, तिच्यात आम्हीही पोहलो. ते निबंध त्या रात्री काढून पाहिले. ‘सदर कादंबरीतून ग्रामीण जीवनाचे विदारक चित्रण दिसून येते.’ ‘असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.’ ‘हे सर्वश्रुतच आहे.’ कादंबरीचे नाव बदलले तरी निबंधाला काही झाले नसते. श्रद्धांजली आणि शोधनिबंध आम्ही एकाच साच्यात ओतत होतो.

तेव्हा आम्ही ठरवले की लिहायला शिकायचे. पंचेचाळिशीत हे वाक्य उच्चारताना संकोच वाटतो, विशेषतः ज्यांच्या नावापुढे ‘मराठीचे प्राध्यापक’ असे लिहिलेले असते त्यांना.

पहिली अडचण स्फूर्तीची. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, हे आम्ही दरवर्षी मोठ्या आवाजात सांगतो आणि मुलेही माना डोलावतात. या कथेने आमचे मात्र नुकसानच केले. तसे पाच दिवस आपल्याही वाट्याला येतील अशी एक आळशी आशा मनात घर करून होती. शेवटी दोनशे पानी वह्या आणल्या आणि सकाळच्या एस. टी. तली पस्तीस मिनिटे लिहिण्यासाठी राखून ठेवली. खड्ड्यांमुळे अक्षर वेडेवाकडे येई, ते आले तरी चालेल असे ठरले. वही का, तर संगणकावर खोडलेले उरत नाही, आणि आम्हांला तर आपण काय खोडतो तेच पाहायचे होते.

दुसरा ठराव असा की शुक्रवारी वह्यांची अदलाबदल करायची आणि दुसऱ्याच्या वहीतले जे वाक्य कोणाही माणसाविषयी, कोणाही गावाविषयी जसेच्या तसे वापरता येईल, त्याखाली रेघ मारायची. पहिल्या शुक्रवारी दोन्ही वह्या रेघांनी भरून गेल्या. तिसऱ्या शुक्रवारी आमचे भांडण झाले. एकाने आपल्या आईविषयी लिहिले होते आणि दुसऱ्याने ‘तिने आमच्यासाठी खस्ता खाल्ल्या’ या वाक्याखाली रेघ मारली. “मॅडम, माझ्या आईनं खरंच खाल्ल्यात हो खस्ता,” असे उत्तर आले, आणि त्यावर प्रत्युत्तर, “मग कोणत्या, ते लिहा ना, सर.” आठवडाभर आम्ही बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसलो. मग त्या जागी नवे वाक्य आले. आई पहाटे दुसऱ्यांच्या भुईमुगाच्या शेंगा तोडायला जाई आणि मजुरीऐवजी मिळालेल्या शेंगा पदरातून आणी, त्या पदराला मातीचा वास येई. याखाली रेघ मारता आली नाही.

नंतर उत्तरपत्रिकांचा हंगाम आला आणि दोन महिने वह्या पिशवीतच राहिल्या. सवय लागते म्हणतात, पण आमचा अनुभव असा की सवय सुटते फार लवकर, आणि लागण्याचे काम दर खेपेस पहिल्यापासून करावे लागते. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

वाचनाकडे मात्र आम्ही वेगळ्या नजरेने वळलो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आम्ही दोघांनीही अभ्यासक्रमात शिकवली होती. ‘प्रांजळ निवेदन’, ‘घरगुती भाषा’, ‘विनोदाची सूक्ष्म छटा’ अशी उत्तरेही लिहून दिली होती. आता पाहिले ते एवढेच की ही बाई गेलेल्या नवऱ्याविषयी लिहिते आहे आणि तरी पोकळी कुठेच नाही. टिळक १९१९ साली गेले, पुस्तकाचे भाग १९३४ पासून येऊ लागले, म्हणजे मध्ये दीड दशक लोटलेले. तरी त्यांचा राग, त्यांचा विसराळूपणा, हाती पैसा न टिकणे, सारे जागच्या जागी आहे. ती त्यांना हसते, त्यांच्यावर चिडते, आणि त्यामुळेच तिचे प्रेम आपल्याला सांगावे लागत नाही. विष्णुभट गोडसे यांचेही तसेच. सत्तावन्नच्या धामधुमीतला प्रवास त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी कागदावर उतरवला, पण भिक्षुकी करायला निघालेल्या माणसाला जे दिसेल तेच त्यात दिसते. मोठे मोठे सेनानी येतात-जातात आणि विष्णुभटांचे लक्ष दक्षिणेवर, जेवणावर, गंगाजलाच्या कावडीवर. आम्हांला मामांचे ग्रंथप्रेम दिसले होते, हात दिसले नव्हते.

म्हणून दुसऱ्या खेपेस हातांविषयी लिहिले. मामा जुन्या पुस्तकांची बांधणी स्वतः करीत. दाभण, दोरा, पुठ्ठा, पाठीला कापडाची पट्टी, आणि खळ. खळीत ते मोरचूद घालीत, म्हणजे कसर लागत नाही. त्या निळसर खळीचा एक आंबूस वास ग्रंथालयाच्या मागच्या खोलीला कायम येत असे. खोलीतल्या स्टोव्हवर मामा खळ ढवळीत उभे आहेत, चष्मा कपाळावर सरकवलेला, असे चित्र आम्ही उभे केले. चष्म्याविषयी आमच्यात मतभेद होते, पण वाक्य चांगले जमले होते. शुक्रवारी या पानावर एकही रेघ पडली नाही. आम्ही खूश होतो, हे कबूल करायला हवे. श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन यांच्या हाती हे पान पडले असते तर, असाही एक बालिश विचार एकाने बोलून दाखवला.

पण एक गोष्ट टोचत होती. आद्य मराठी गद्य शिकवताना आम्ही न चुकता सांगतो की म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ बसल्या जागी लिहिले नाही. ज्याने लीळा पाहिली, त्याच्याकडे ते गेले, विचारले, पडताळले. तेराव्या शतकातल्या माणसाने पायी हिंडून जे केले, ते आम्ही तीन किलोमीटरवर राहणाऱ्या मामींच्या बाबतीत केले नव्हते. श्रद्धांजलीसाठी कोणी चौकशी करते का, असा प्रश्न आम्हीच आम्हांला विचारून पाहिला. उत्तर सोयीचे नव्हते.

रविवारी वही घेऊन गेलो. मुलीने चहा केला. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आम्ही पान वाचून दाखवले. दंडाचा प्रसंग ऐकून त्या हसल्या, “उशाला” हा शब्द आमच्याआधी त्यांनीच म्हटला. मग खळीचा परिच्छेद आला. त्या ऐकत होत्या. ‘स्टोव्हवर मामा खळ ढवळीत’ येथपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

“ते कुठं ढवळत होते? खळ मी शिजवायची. घरी.”

आम्ही वाचायचे थांबलो. मागच्या खोलीत स्टोव्ह होता, तो चहाचा होता, हे आता आठवले. खळीचा डबा मात्र आम्ही कधी येताना पाहिला नव्हता, की पाहूनही ध्यानात ठेवला नव्हता, कोण जाणे. दर सोमवारी मामा जेवणाच्या डब्याबरोबर खळीचाही डबा सायकलला अडकवून नेत. मोरचूद विषारी, घरात लहान पोरगी, म्हणून खळीचे पातेले मामींनी वेगळे ठेवले होते आणि ते माळ्यावर असे. मुलगी उठली, स्टूल ओढले आणि पातेले काढून आणले. आतून अजून निळसर होते.

“ह्याचं कुणी काही लिहील असं वाटलं नव्हतं,” मामी म्हणाल्या. मग आमच्या हातातल्या वहीकडे पाहून त्यांनी विचारले, “सांगू का कशी करायची ते? मैदा आधी गार पाण्यात कालवायचा. एक वाटीला चार वाट्या पाणी. गरम पाण्यात टाकलात तर गाठी होतात.”

आम्ही तो परिच्छेद खोडला आणि नवे पान काढले.