गोडं पाणी, खारं पाणी

अनुवाद करताना काही शब्दांसाठी कोश उघडावासाच वाटत नाही. ‘क्रीक’ आणि ‘ब्रुक’ त्यातलेच. ठाणे क्रीक म्हणजे ठाण्याची खाडी हे लहानपणापासून ठाऊक. म्हणून क्रीक ती खाडी आणि ब्रुक तो ओढा. मिनेसोटात घडणाऱ्या एका गोष्टीत मी बिनदिक्कत लिहून गेले, ‘मुलगी खाडीवर वाकली आणि ओंजळभर पाणी प्यायली.’ मजकूर मोठ्याने वाचताना ‘प्यायली’पाशी जीभ अडली. खाडीचं पाणी कोण पितं? आणि मिनेसोटात समुद्र कुठला?

इंग्लंडमध्ये क्रीक म्हणजे आजही किनाऱ्यात शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा. अटलांटिककाठी उतरलेल्या वसाहतकारांनी अशा फाट्यांना तेच नाव दिलं आणि त्यांच्या पाण्याच्या कडेकडेने ते आत सरकत गेले, असं मानतात. भरती मागे राहिली, नाव मात्र उगमापर्यंत पोचलं. लॉरा इंगल्स वाइल्डरच्या १९३७च्या पुस्तकातली प्लम क्रीक मिनेसोटातलीच, समुद्रापासून शेकडो मैल दूर. तिच्या काठच्या मातीत खोदलेल्या घरात लॉराचं कुटुंब राहतं. तो ओढाच.

ब्रुक गोड्या पाण्याचाच राहिला. अमेरिकेत तो मुख्यतः न्यू इंग्लंडकडे रुळला. पश्चिमेला तसल्याच ओढ्याला लोक क्रीक म्हणतात. म्हणजे तिथे या दोन शब्दांत फरक पाण्याचा कमी, मुलखाचा जास्त.

तेव्हापासून शब्द निवडण्याआधी मी विचारते: पाणी गोडं की खारं? एकाच दिशेने वाहतं की दोन्ही? बारमाही की पावसाळ्यापुरतं? मग मराठीतला शब्द शोधते. ‘नाला’ शहरी वाचकाच्या नाकाला लगेच वास आणतो. ‘ओहोळ’ फार बारीक. ‘व्हाळ’ मला सर्वांत प्रिय, पण तो उच्चारला की जांभ्या दगडाचं कोकण उभं राहतं. मिनेसोटाच्या माळावर ते कसं चालेल? शेवटी ‘ओढा’च ठेवला.

आमच्या गावी व्हाळ खाडीला मिळतो तिथे साकव आहे. भरती लागली की साकवाखालचं पाणी आधी थबकतं, त्यावरचं वाळलेलं पान जागच्या जागी गोल फिरतं आणि मग उलटं, वरच्या अंगाला निघतं. क्रीक हा शब्द अमेरिकेत असाच वर चढला. फक्त ओहोटीबरोबर परतला नाही.