धाकटी गाडी

आमची ऑक्टेव्हिया आरएस विकायची ठरली, तेव्हा सुतक एकट्या मला आले. तिचे २३० घोडे सदाशिव पेठेच्या बोळात नुसते खिंकाळत, आणि त्या खोलगट आसनातून आईला बाहेर काढायला दोन माणसे लागत.

स्विफ्ट पाहिली. लांबी ३.८६ मीटर, वजन सव्वानऊशे किलोंच्या आसपास, घोडे जेमतेम ऐंशी. २०२५च्या सप्टेंबरात लहान गाड्यांवरचा करही २८ टक्क्यांवरून १८वर आलेला. विक्रेता मायलेजचे पाढे म्हणत होता. मला वळणे पाहायची होती!

दिवे घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ती हलकी पोर अशी गर्रकन वळली, की चाळिसाच्या वेगातच मला हसू फुटले. थोरलीला तेवढ्यासाठी शंभर लागत. सासवडला अंजीर दिसले. गाडी थांबताच आई दार उघडून, कुणाचा हात न धरता, उतरली.